गणवेशाच्या कापडाची निविदा मागाच्या हिशेबाने काढा

प्रति,
मा. वस्त्रोद्योग मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

२०२४-२५ मध्ये राज्याने शालेय गणवेशाचं कापड एकगठ्ठा खरेदी केलं आणि शिलाई महिला बचत गटांना दिली. शाळा सुरू झाल्या तरी अनेक ठिकाणी गणवेश पोहोचले नव्हते. २०२५-२६ पासून खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेली. या दोन्ही पद्धतींत इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या मागाला हमीचं काम नाही. राज्यभराची एकच निविदा निघाली की उलाढालीच्या अटीतच छोटा कारखानदार गळतो, आणि समितीने दुकानातून घेतलेलं कापड कुठे विणलं हे कुणी विचारत नाही. जिल्हानिहाय, १०-१० लाख मीटरच्या निविदा काढा, ही आमची मागणी आहे.

हा आकडा का, ते सांगतो. साधा यंत्रमाग मिनिटाला १५० पिक (आडव्या धाग्याचे फेरे) धरा. इंचाला ५२ पिकांच्या कापडाला मीटरमागे सुमारे २,०४७ पिक लागतात. धागा तुटतो, आडव्या धाग्याची कांडी संपते, म्हणून कार्यक्षमता ८० टक्केच. १२ तासांच्या पाळीत ४२ मीटर, दोन पाळ्यांत ८४. म्हणजे २०० मागांना १० लाख मीटरसाठी ६० दिवस. आठ-दहा कारखानदार मिळून हे काम सहज उचलतात. त्याआधी सूत आणि सायझिंगला (उभ्या धाग्यांना खळ देण्याला) १५ दिवस, नंतर प्रोसेस व तपासणीला महिना, कटिंग-शिलाईला दीड महिना. १५ जूनला गणवेश मुलांच्या अंगावर हवा, तर कार्यादेश १५ जानेवारीच्या आत हातात पडला पाहिजे. मार्चमध्ये निघालेल्या आदेशाला माग पुरा पडूच शकत नाही. मग गोदामातला तयार माल उचलला जातो आणि एकाच वर्गात दोन छटांचे शर्ट दिसतात.

तपासणी कागदावर नको. नमुना ५२ पिकांचा दाखवून पुरवठा ४८ चा केला, की बाणा (आडवा धागा) आणि विणाईचा वेळ जवळपास ८ टक्के वाचतो. पिक-ग्लास (धागे मोजायचं भिंग) लावून एक इंचात मोजलं की पाच मिनिटांत कळतं. दुसरी पळवाट खळीची: जादा खळ देऊन वजन भरतात, पहिल्या धुण्यात कापड जाळीसारखं होतं. म्हणून जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये वजन) धुतल्यानंतरच मोजावं, आणि मोजणाराने तागा स्वतः निवडावा.

केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २५ टक्के वाटा आहे, पण तो केंद्रीय खात्यांना आणि उपक्रमांना लागू आहे. राज्याने आपल्या निविदेत तसाच वाटा लिहावा. मात्र नुसतं उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाची केंद्राकडची नोंदणी) पाहू नका. २०२१ पासून ते व्यापाऱ्यांनाही मिळतं. यंत्रमाग दराचं वीजबिल मागा; माग नसलेल्याकडे ते नसतं.

शेवटचा मुद्दा पैशांचा, आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात कळीचा. दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने विणणाऱ्या खर्चीवाल्याची मजुरी पिकामागे पैशांत ठरते. कामगाराचा पगार मात्र आठवड्याला रोख द्यावा लागतो. २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायदा ४५ दिवसांत देयक द्या म्हणतो, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज सांगतो. पण पुढच्या वर्षीचं काम हवं असलेला पुरवठादार खात्याविरुद्ध व्याजाचा दावा लावत नाही. तेव्हा निधीची तरतूद दाखवल्याशिवाय निविदा काढू नये, आणि तपासणीत पास झालेल्या प्रत्येक लॉटचं देयक स्वतंत्र द्यावं. पूर्ण पुरवठा होईपर्यंत पैसे अडवले तर छोटा कारखानदार दुसऱ्या लॉटचं सूतच उचलू शकत नाही.

येत्या जानेवारीत कार्यादेश द्यायचा, तर निविदेचा मसुदा ऑक्टोबरमध्ये आमच्यासमोर हरकतींसाठी यावा.

आपले,
यंत्रमाग आणि गणवेश व्यवसायातील उत्पादक