कॉव्हेंट्रीहून काकांना

कॉव्हेंट्री,
12 जुलै 2020

तीर्थस्वरूप काकांच्या चरणी साष्टांग नमस्कार.

कोरोनामुळे एप्रिल ते जून कारखान्यात पाऊल न टाकताही मला पगार कसा मिळाला, असे आपण फोनवर विचारलेत. तेव्हा नीट सांगता आले नाही, म्हणून लिहितो.

इकडे या रजेला 'फर्लो' म्हणतात. काम नसले तरी मालकाने माणसाला काढून न टाकता पटावर ठेवायचे आणि त्याच्या पगाराचे 80 टक्के, पण महिना 2,500 पौंडांपर्यंतच, सरकारने मालकाला द्यायचे, अशी योजना अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी 20 मार्चला जाहीर केली आणि ती 1 मार्चपासून लागू धरली. मालक कर खात्याकडे मागणी करतो. पगारपत्रकाची नोंद त्या खात्याकडे आधीपासूनच जात असल्यामुळे पैसे लवकर सुटतात. माझ्या 2,100 पौंडांचे 1,680 होतात आणि त्यातून कर कापला जातो. रजेच्या काळात मालकाचे काम करायचे नाही, प्रशिक्षण मात्र घेता येते. सरकारी मदत घ्यायची नाही अशी माझ्या व्हिसावर अट असल्याने पहिले काही दिवस मला झोप नव्हती. परंतु ही रक्कम त्या मदतीत धरली जात नाही.

आपल्या निपाणीचा एक मित्र मात्र या लाभातून वगळला गेला. 19 मार्चपर्यंत कर खात्याकडे नोंद झालेल्यांनाच हा लाभ आहे आणि तो 23 तारखेला एका हॉटेलात रुजू झाला होता. चार दिवसांसाठी त्याच्या हाती काहीच आले नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

1 जुलैपासून अर्धवेळ कामावर बोलावण्याची सवलत मिळाली आहे, त्यामुळे मी आठवड्यातून दोन दिवस जातो. पुढे सरकारचा वाटा सप्टेंबरात 70 आणि ऑक्टोबरात 60 टक्क्यांवर येईल; राहिलेली भर मालकाने घालायची आहे.

आता बेळगावच्या उद्यमबागेतल्या आपल्या कारखान्यातील बावीस माणसांविषयी. औद्योगिक विवाद कायदा, 1947 प्रमाणे काम थांबले तर मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई द्यावी लागते, पण ती मालकाने आणि पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात. म्हणजे आपल्याला ते बंधन नाही. केंद्र सरकार शंभरपर्यंत कामगारांच्या ज्या आस्थापनांत नव्वद टक्के लोकांचा पगार 15,000 रुपयांच्या आत आहे, तिथे भविष्यनिर्वाह निधीचे कामगार व मालक असे दोन्ही वाटे मिळून पगाराच्या 24 टक्के स्वतः भरते आहे. परंतु पगार दिला, तरच ही मदत लागू पडते. मला सर्वांत मोठा फरक इथेच दिसतो: इकडे पगार देण्यासाठीच पैसा येतो, तिकडे मालकाने आधी पगार उभा करावा लागतो, आणि फाउंड्रीची ऑर्डरच नसताना तो कुठून उभा करणार?

तरीही काका, खानापूरकडचे जे टर्नर भात लावणीला गावी गेले आहेत, त्यांची नावे हजेरीपटावरून काढू नका. शक्य होईल तेवढी रक्कम पगार म्हणूनच खात्यावर द्या, उचल म्हणून नको. निधीच्या लाभास आपले युनिट पात्र ठरते का, हे हिशेबनिसांना या आठवड्यातच पाहायला सांगा. पहिल्या महिन्यासाठी मी येथून 300 पौंड पाठवतो आहे. ते त्याच कामी लावावेत.

काकूंना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

आपला पुतण्या