‘स्ट्रीट’ सस्पेन्शन रस्त्यावर चालवलं म्हणून वॉरंटी नाकारल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

विषय: पुढच्या दोन्ही शॉकअपमधून तेलगळती, स्प्रिंगचा खोटा आकडा आणि तुमच्या माणसाची उत्तरं

आज सकाळी तुमच्या माणसाने सातव्यांदा माझा फोन ‘वरिष्ठांकडे’ पाठवला आणि तो मधेच तुटला. आठवा फोन मी करणार नाही, म्हणून लिहितोय.

गाडी सेकंडहँड ऑडी टीटी, २०१२ ची. ७८,००० किलोमीटरला मूळचे शॉकअप सैल झाले. त्या वयाला होतात, त्यात कुणाचा दोष नाही. रोज बेळगावच्या टिळकवाडीतून तिसऱ्या रेल्वे गेटवरून उद्यमबागेतला माझा कारखाना, आणि एखाद्या रविवारी जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या साखळीत चहा पिऊन परत. एवढाच या गाडीचा संसार. रेसबिस काही नाही. हे सगळं मी ऑर्डर देण्याआधी तुमच्या सल्लागाराला फोनवर सांगितलं होतं. तो कॉल ‘गुणवत्तेसाठी रेकॉर्ड’ झालेला आहे. काढून ऐका.

माझा बेत साधा होता. आमच्या फिटरने आधीच बजावलं होतं, “साहेब, आधी टायर आणि बुश बघा, शॉकअपचं मग बघू.” त्याचं ऐकून लोअर आर्मचे, म्हणजे चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे, मागचे रबरी बुश बदलले, टायर बदलले, अलाइनमेंट केलं, आणि निम्मी गाडी तिथेच सुधारली. उरलेल्या निम्म्यासाठी मला हवे होते मूळच्या जातीचे नवे शॉकअप आणि फार तर २० मिलिमीटर खाली बसणाऱ्या स्प्रिंगा. चाळीसेक हजारांत काम झालं असतं. तुमचा सल्लागार म्हणाला, “सर, त्यात थोडे घालून आमचा स्ट्रीट कॉइलओव्हर सेट घ्या. उंची हवी तेवढी, ३२ क्लिकचं ॲडजस्टमेंट, पुढची स्प्रिंग फक्त ५ किलो प्रति मिलिमीटर, घरच्यांना कळणार पण नाही.” कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेला, उंची बदलता येणारा सेट, आणि क्लिक म्हणजे शॉकअप कडक-मऊ करायची एकेक पायरी. ७४,५०० रुपये भरले. घरच्यांना पहिल्याच दिवशी कळलं. आई काँग्रेस रोडवरच्या पहिल्या हंपावर म्हणाली, “टेंपोत बसवलंस की काय रे?”

मुळात पहिला सेटच चुकीचा आला. या गाड्यांच्या पुढच्या नकलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या भागात, शॉकअपची नळी ५० ची बसते नाहीतर ५५ मिलिमीटरची, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. तुमच्याच फॉर्मवर तो रकाना आहे. मी व्हर्नियर लावून ५५ भरलं, तुम्ही ५० पाठवलं. बदलून यायला २३ दिवस गेले आणि परतीचा कुरिअर खर्च माझ्याकडून घेतला. ५५ लिहिलेलं असताना ५० पाठवायचं आणि वर भाडं ग्राहकाने भरायचं, हा कुठला न्याय ते एकदा कळवा.

मार्चमध्ये सेट बसवला. सस्पेन्शनवर वजन आणून बुशचे बोल्ट घट्ट केले, पाचशे किलोमीटरनंतर उंची तपासून पुन्हा अलाइनमेंट केलं. तुमच्या माहितीपत्रकात यातलं एक अक्षरही नाही. तरीसुद्धा गाडी हंपावर आपटत होती आणि चाक खाली लोंबकळलं की पुढून टक टक वाजत होतं. उंची कमी केली की चाक पूर्ण खाली जाताना स्प्रिंग सैल पडते, त्यासाठी खाली छोटी हेल्पर स्प्रिंग द्यावी लागते. ती तुम्ही दिलेली नाही. विचारल्यावर उत्तर मिळालं, “सर, स्पोर्ट्स सस्पेन्शनचा आवाज असतोच.” आणि ३२ क्लिकबद्दल बोलायचं तर विसाव्या क्लिकनंतर काहीही बदलत नाही. उरलेले बारा बोटांच्या व्यायामासाठी असावेत.

मी उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर बनवतो. तुम्ही कुणाला स्प्रिंग विकताय हे तुम्हाला माहीत नव्हतं, तो तुमचा दोष नाही. पण मी तुमची स्प्रिंग काढून वजन मोजणारा लोड सेल असलेल्या प्रेसखाली घातली. पहिल्या १० मिलिमीटरला ७८ किलो, २० ला १५६. म्हणजे प्रति मिलिमीटर ७.८ किलो. बॉक्सवर छापलंय ५. तारेला व्हर्नियर लावला तर जाडी १३.४ मिलिमीटर. वेटोळी आणि व्यास तेच ठेवून ५ किलोची स्प्रिंग करायची तर तार १२ ची लागते. कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, त्यामुळे दीड मिलिमीटरचा हा ‘किरकोळ’ फरक दीडपटीहून जास्त पडतो. पुढच्या एका चाकाच्या वाट्याला साधारण ३७० किलो येतात असं धरा. ५ किलोच्या स्प्रिंगवर गाडी सेकंदाला १.८ वेळा हलते, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला ते चालून जातं. ७.८ वर हाच आकडा २.३ होतो, आणि ते ट्रॅकचं गणित झालं. वर शॉकअपचं रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला धरायची ताकद, मऊ स्प्रिंगच्या हिशेबाने भरलेलं, म्हणून हंप ओलांडल्यावरसुद्धा नाक दोनदा मान डोलावतं. मोजमापाचे फोटो मी एप्रिलमध्येच पाठवले होते. पोच आली, उत्तर नाही.

इतकं होऊनही मी गप्प बसलो असतो. माणूस स्वतःच्या चुकीची सवय करून घेतो. पण जुलैत, जेमतेम ३,८०० किलोमीटरला, दोन्ही पुढच्या शॉकअपमधून तेल यायला लागलं. रॉडवर नखाला लागतील असे टिपके आणि रॉडवरची घाण बाहेर ठेवणाऱ्या वायपर सीलच्या ओठात लाल माती. आमच्याकडे पावसात लाल माती असते, ती आणायला मी कुठे गेलो नव्हतो. माझे सिलिंडर पोकलेनवर दिवसभर चिखलात राबतात. असं सील मी लावलं असतं तर गिऱ्हाइकाने मला बॅरलसकट त्या चिखलात उभं केलं असतं.

वॉरंटी दोन वर्षांची आहे. म्हणून फोन केला. तुम्ही म्हणालात, कर्नाटक आहे, हुबळीच्या डीलरकडे जा. हुबळीवाला म्हणाला, बिल कोल्हापूरचं आहे, तिकडे जा. कोल्हापूरवाला म्हणाला, गाडी केए २२, म्हणजे बेळगावच्या नंबरची आहे, आम्हाला हात लावता येत नाही. दोन्ही गावं माझ्यापासून शंभरएक किलोमीटर, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. आमचा सीमाप्रश्न १९५६ पासूनचा आहे आणि २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. माझे शॉकअप त्याच्या पाठोपाठ रांगेत उभे राहतील असं वाटलं नव्हतं.

आता आजचा फोन. हा नीट वाचा, कारण बाकी सगळं मी गिळलं होतं.

तुमच्या माणसाने विचारलं, “सर, गाडी कुठे चालवली?”

मी म्हटलं, “रस्त्यावर.”

“कोणत्या रस्त्यावर, सर?”

“टिळकवाडी, उद्यमबाग, कधी चोर्ला घाट.”

“एक मिनिट होल्ड करा, सर.” एक मिनिट म्हणजे नऊ मिनिटं, बासरी ऐकत. मग आला. “सर, रस्ता खराब होता का?”

मी विचारलं, “तुम्ही भारतातूनच बोलताय ना?”

“सर, खराब रस्त्यावरचा वापर गैरवापरात धरतात. वॉरंटी बसत नाही.”

“बरं. मग ट्रॅकवर चालवायची का?”

“नाही सर, ट्रॅकवर वापरली तर वॉरंटी लगेच रद्द होते.”

“म्हणजे रस्त्यावरही नाही, ट्रॅकवरही नाही. मग चालवायची कुठे, ओ?”

तो थांबला. मला वाटलं पोराला लाज वाटली असेल. तेवढ्यात मागून दुसरा आवाज, बहुधा तुमचा ‘टेक्निकल’ माणूस, म्युट न करता म्हणाला, “अरे, बेळगावसारख्या ठिकाणी स्पोर्ट्स कार घेतातच कशाला?” आणि पहिल्याने, काही झालंच नाही अशा सुरात, मला विचारलं, “सर, अजून काही मदत करू शकतो का?” मी नाव विचारलं. त्याने वरिष्ठांना जोडतो म्हणून सांगितलं आणि लाइन तुटली. तिसऱ्या मिनिटाला मेसेज आला, ‘आमच्या सेवेला किती गुण द्याल?’

बेळगावसारख्या ठिकाणी म्हणजे कसल्या, ते मला लेखी कळवा. या गावात व्हॉल्व्ह, पंप, सिलिंडर बनतात. तुमचं ‘स्ट्रीट’ सील बघून इथला शिकाऊ पोरगासुद्धा हसेल. बॉक्सवर मोठ्या अक्षरात ‘स्ट्रीट’ छापायचं, ग्राहकाने स्ट्रीटवर चालवलं की त्याला गैरवापर म्हणायचं. मग बॉक्सवर ‘शोकेस’ छापा. मी शोकेसमध्येच ठेवला असता, ७४,५०० ची वस्तू म्हणून पाहुण्यांना दाखवली असती.

वाईट या गोष्टीचं वाटतं की माझ्या सांगण्यावरून कारखान्याशेजारच्या एका पोराने तुमचाच सेट घेतला. तो आता मला तोंड दाखवू देत नाही.

माझी मागणी: १५ दिवसांत ७४,५०० रुपये आणि चुकीच्या सेटचं कुरिअर भाडं परत. बदली सेट नको. ३२ काय, ६४ क्लिकचा दिलात तरी नको. दरम्यान मी जुनेच शॉकअप परत चढवलेत. सैल आहेत, पण त्यांच्यातून तेलाचा थेंब येत नाही.

पंधरा दिवसांत झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्यात ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे हुबळी नको, कोल्हापूर नको, बेळगावचा जिल्हा आयोग. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. प्रेसचे आकडे, दोन्ही स्प्रिंगा आणि तुमचा बॉक्स मी टेबलावर ठेवीन. तुमच्या टेक्निकल माणसाला जरूर पाठवा, गाव बघून जाईल.

सेट बांधून ठेवला आहे, न्यायला माणूस पाठवा. मागच्या वेळी तुम्ही पत्त्यात ‘बेळगाव, महाराष्ट्र’ लिहिलंत आणि पार्सल चार दिवस कोल्हापुरात पडून राहिलं. या वेळी स्पष्ट ‘बेळगाव, कर्नाटक’ लिहा. टिळकवाडीतला मराठी माणूस स्वतःच्या हाताने हे लिहून देतोय, यावरून मी कुठवर आलोय ते ओळखा.

टिळकवाडी, बेळगाव
तुमचा, पैसे परत येईपर्यंत, ग्राहक