दहा फायदे छापले, पण घ्यायचं किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत मसाल्यांचे दहा औषधी फायदे सांगणारा पानभर मजकूर होता. सांगलीत २१ वर्षं माझा मिरची-मसाल्याचा डंख, म्हणजे कांडप यंत्र, आहे, पोट त्यावरच चालतं, त्यामुळं वाचून बरंच वाटलं. पण सोमवारी दहाच्या आत तीन बायका आल्या आणि तिघींच्या पिशवीत नुसती दालचिनी. मसाल्याला नव्हे, रोज अनशापोटी चमचाभर मधातून घ्यायला. एकीनं तर अर्धा किलो आणलेली.

मी एक तुकडा मोडून दाखवला. जाड, कडक, एकाच पदराची गुंडाळी. बाजारात बहुतेक हीच मिळते, हिला कॅसिया म्हणतात. सिलोनी दालचिनी कागदासारख्या पातळ पदरांची, विडीसारखी आत भरलेली असते आणि बोटानं चुरते. जाड सालीत कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं. ते रोज जास्त पोटात गेलं तर काहींच्या यकृताला त्रास होतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं वजनाच्या किलोमागं दिवसाला ०.१ मिलिग्रॅम ही मर्यादा धरली आहे, म्हणजे ६० किलोच्या बाईला ६ मिलिग्रॅम. जाड दालचिनीच्या एका चमच्यात तेवढं भरू शकतं. किलोभर मिरचीच्या चटणीला १०-२० ग्रॅम दालचिनी पडते आणि ती घरभर महिनोन्‌महिने पुरते. तिथं हा प्रश्नच येत नाही.

हळदीचंही तेच. आम्ही हळदीच्या गावची माणसं, तिच्याविरुद्ध बोलायला जीभ रेटत नाही. पण जिच्यामुळं हळद गुणाची म्हणतात ते कर्क्युमिन हळदीत असतं साधारण शेकडा ३. मिऱ्यांमुळं ते अंगी जास्त लागतं हे दाखवणारा बंगळूरचा १९९८ चा प्रयोग सगळे सांगतात. त्यात माणसांना दिलेलं कर्क्युमिन होतं २ ग्रॅम. हळदीत मोजलं तर ६५ ग्रॅमच्या आसपास! आमच्या चौघांच्या घरात आठवड्यालासुद्धा एवढी हळद संपत नाही.

मग मसाल्याचा उपयोग काय? माझ्या घरातलं सांगते. आमच्या ह्यांना रक्तदाब निघाला, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. चार दिवस ताट तसंच उठायला लागलं. मग आमटीत भाजलेल्या जिऱ्याची पूड वाढवली, आमसूल टाकलं, उतरवताना चिमूटभर मिरी. मीठ निम्म्यावर आलं तरी आता कुरकूर नाही. आमच्याकडच्या कांदा-लसणाच्या चटणीत टिकण्यासाठी खडेमीठ सढळ हातानं पडतं, हे आम्ही विसरूनच गेलो होतो! ह्यांची अर्धा किलो आता बिनमिठाची वेगळी कांडते आणि फ्रीजमध्ये ठेवते. मसाल्यानं आमच्या घराला दिलेलं आरोग्य ते हे. पुरवणीच्या दहा फायद्यांत ते नव्हतं.

वाळवल्यावर मसाल्याचा गुण जातो म्हणतात, तसंही नाही. मिरचीतलं क जीवनसत्त्व बरंचसं जातं, खरं आहे. पण आलं वाळून सुंठ झालं की त्यातल्या जिंजेरॉलचं शोगॉल होतं, म्हणून सुंठ जास्त झणझणते. लवंगेतलं युजेनॉल दाताचे डॉक्टर आजही वापरतात, ओव्यातलं थायमॉल गुळण्यांच्या औषधात असतं. लवंग-ओव्यातली ही दोन्ही उडून जाणारी द्रव्यं. डंखाशी उभं राहून ‘काय वास सुटलाय!’ म्हणता ना, तो तुमच्या डब्यातून कमी झालेला असतो. म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगते, वर्षाचं एकदम कांडू नका, चार महिन्यांचं आणा. धंदा माझाच वाढतो म्हणा, पण खोटं नाही. काळे डाग पडलेली, दमट वासाची मिरची मात्र मी परत पाठवते. बुरशीतलं विष भाजून पुरतं जात नाही.

आणि हळद दळलेली घेण्यापेक्षा हळकुंड घ्या. हळदीत रंग घालायला कायद्यानं बंदी आहे, तरी पिवळेपणासाठी लेड क्रोमेट मिसळलेलं सापडतं. त्यात शिसं असतं, मुलांच्या मेंदूला घातक. फार चकचकीत हळकुंड मी घेत नाही.

एवढीच विनंती, पुढच्या वेळी प्रत्येक फायद्याशेजारी किती ग्रॅम तेही छापा. अर्धा किलोवाल्या ताई पिशवी माझ्याकडंच ठेवून गेल्यात, ‘रविवारचा पेपर बघून सांगते’ म्हणाल्या.

– एक डंखवाली, सांगली