रिसेप्टर मोजून मनोविकार ठरत नाही, एक अपवाद सोडून

संपादक महोदय,

मेंदूतले रिसेप्टर (पेशींवरचे रासायनिक संदेश पकडणारे ग्राहक) मोजून मनोविकार ओळखता येतील, अशी बातमी छापून आली की बीड, परभणी, लातूरकडचे नातेवाईक फाइल काखेत मारून पुण्या-मुंबईला स्कॅनसाठी निघतात. हा खर्च टाळता येण्यासारखा आहे.

रिसेप्टर मोजता येतात, हे खरे. कार्बन-11 हा किरणोत्सारी कार्बन लावलेले रॅक्लोप्राइड नावाचे द्रव्य शिरेतून दिले की पेट स्कॅनमध्ये डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचे डी-2 रिसेप्टर दिसतात. पण कार्बन-11 दर 20 मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून तो तयार करणारे सायक्लोट्रॉन यंत्र शेजारीच लागते. कॅन्सरसाठी सर्रास होणारा पेट स्कॅन वेगळा. त्यात साखरेचा वापर दिसतो, रिसेप्टर नव्हे. शिवाय स्किझोफ्रेनियाच्या (भास-संशयाच्या गंभीर आजाराच्या) रुग्णांचे आणि निरोगी माणसांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. वयानुसार ते घटतात, चालू गोळ्यांनीही बदलतात. मग निदान कशावरून करणार?

या मोजणीचा फायदा झाला तो डोस ठरवताना. स्किझोफ्रेनियाच्या औषधाने साधारण 65 टक्के डी-2 रिसेप्टर व्यापले की भास-संशय ओसरू लागतात. 80 टक्क्यांच्या आसपास गेले की हातपाय ताठरतात, कंप सुटतो. (क्लोझापिन हे त्यातलेच एक औषध याहून कमीतही काम करते.) ‘डॉक्टर, गोळी वाढवून द्या’ हा आग्रह म्हणूनच अंगाशी येतो.

रक्तातले सेरोटोनिन हे रसायन तपासून नैराश्य सांगणारी पॅकेजेस तर घेऊच नयेत. शरीरातले सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात बनते आणि ते मेंदूत शिरत नाही. त्या पैशात थायरॉइड आणि बी-12 तपासून घ्यावे.

आता अपवाद. इथेही रिसेप्टर मोजायचे नसतात; त्यांच्यावर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी, म्हणजे शरीराने स्वतःविरुद्धच बनवलेली प्रथिने, शोधायची असतात. चांगली धडधाकट मुलगी ताप-डोकेदुखीनंतर आठ-पंधरा दिवसांत असंबद्ध बोलू लागते, झोप उडते, मग बोलणेच बंद. झटके येतात, तोंड सतत चावल्यासारखे हलते. घरचे लागीर समजून देवऋषी गाठतात. इथे मेंदूतल्या एनएमडीए नावाच्या रिसेप्टरविरुद्धच्या अँटिबॉडी तपासायलाच हव्यात. मेंदूला सूज आणणारा हा आजार 2007 मध्ये ओळखला गेला. रक्तापेक्षा पाठीतल्या पाण्याची तपासणी अधिक खात्रीची. एमआरआय नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नये; ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) काढावा, बीजाशयात गाठ आहे का हे सोनोग्राफीत पाहावे. स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून देण्याची प्रतिकारशक्तीची प्रथिने) वेळेत मिळाले तर बहुतेक रुग्ण सुधारतात.

ही तपासणी महाग आहे. छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून नमुने मोफत पाठवण्याची कायमस्वरूपी सोय आरोग्य खात्याने करावी.

– एक मनोविकारतज्ज्ञ, लातूर