भाजी धुतली म्हणजे औषध गेले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत फवारलेली औषधे निघावीत म्हणून भाज्या-फळे मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवण्याचा सल्ला वाचला. सल्ला वाईट नाही, पण अर्धाच आहे. सालीवर बसलेले स्पर्शजन्य औषध धुऊन बरेचसे निघते. आंतरप्रवाही औषध मात्र मुळांनी किंवा पानांनी एकदा आत घेतले की रसाबरोबर झाडभर फिरते. ते मिठाने निघत नाही, सोड्यानेही नाही. झाडच त्याचे हळूहळू विघटन करते, आणि फळ फुगत जाते तसे त्यातले प्रमाणही उतरते. फवारणी आणि काढणी यांत इतके दिवस जाऊ द्या, असे माहितीपत्रकावर छापतात ते याच हिशेबाने. पण बाटलीसोबतची ती घडी उलगडतो कोण? अक्षरे इतकी बारीक की माझा चष्माही हात टेकतो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले. वनस्पतींच्या शरीरक्रियांचा भाग म्हणजे पर्णरंध्राची आकृती काढली की संपला, अशी मुलांची समजूत. त्यांचे वडील मात्र सांगोला-पंढरपूरकडे हेच शास्त्र दरसाल वापरतात. डाळिंबाचा बहार धरायचा म्हणजे काय? पाणी तोडून बाग ताणावर सोडायची, इथ्रेल मारून पानगळ करायची, मग पाणी द्यायचे, की बाग फुलते. इथ्रेलमधून झाडात इथिलीन सुटते, जे झाड स्वतःही बनवते. केळी पिकवायच्या खोलीत सोडतात तो वायूही हाच, आणि त्याला 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) परवानगी आहे. बंदी आहे ती कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्यांना. त्यातून ॲसिटिलीन निघतो, सोबत आर्सेनिक-फॉस्फरसचे अंश येऊ शकतात. आपण दोन्हींना सरसकट ‘केमिकलने पिकवलेले’ म्हणतो आणि नियमाने धंदा करणारा व्यापारी उगाच बदनाम होतो.

द्राक्षवाल्यांना 2010 साल आठवत असेल. आपली द्राक्षे युरोपात अडली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे. हे कीटकनाशक नव्हे. वेलीची नुसती शाकीय (पानाफांद्यांची) वाढ रोखून काडीत घड तयार व्हावा म्हणून वापरायचे संजीवक. बहुतेक जण ते खरड छाटणीनंतर मारतात, म्हणजे फळ लागायच्या कितीतरी महिने आधी. तरी ते मण्यात सापडले! वेल काय साठवते आणि काय मोडून टाकते, हे न बघता नुसता ‘डोस’ विचारला की असे होते.

कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे आपल्याकडे शेंबडे पोरही जाणते. पावसाने ओढ दिली की त्या पोंग्यातले विष वाढते, हेही. मग मेथी-पालकाबद्दल कुणीच का बोलत नाही? काढणीच्या तोंडावर युरिया टाकला की पाने हिरवीगार दिसतात, पण पानात नायट्रेट साठून राहते. त्याचे प्रथिनाकडे रूपांतर सुरू करणारे विकर (एन्झाइम) उजेडात जोमाने काम करते. म्हणून ऊन खाल्लेली भाजी संध्याकाळी कापली तर तिच्यात नायट्रेट पहाटेच्या भाजीपेक्षा कमी असते. मार्केट यार्डातला लिलाव सकाळचा, हे मला ठाऊक आहे. निदान शेवटचा युरिया तरी टाळता येईल की नाही? तान्ह्या मुलांना नायट्रेट बाधू शकते.

आपल्या सोलापुरात 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. खते-औषधे विकणाऱ्या दुकानदारांसाठी ‘देसी’ हा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रमही आहे. तरी शेतकऱ्याचा पहिला सल्लागार कृषी सेवा केंद्राचा गल्लाच, आणि तिथे दोन औषधांवर एक टॉनिक ठरलेले. आपली पुरवणीही आठवड्याला ‘अमुक मिली प्रति लिटर’ छापते. त्याच ओळीत ते औषध स्पर्शजन्य की आंतरप्रवाही आणि त्या पिकात काढणीआधी किती दिवस थांबायचे, एवढे दोन शब्द वाढवावेत. जागा नसेल तर बाजारभावाच्या रकान्याखाली चौकट द्यावी. तो रकाना सगळेच वाचतात.

आपला,
जीवशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक
जुळे सोलापूर