सौ., गं. भा. आणि कोम : नोंदीचं टेबल सांभाळणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या विभागीय स्त्री-इतिहास परिषदेत लोकांनी घरून आणलेले कागद, फोटो, वह्या पाहण्याचं टेबल तुम्ही सांभाळलंत. नाव छापू नका, ही तुमची अट पाळतो आहोत. पण तिथं जे शिकायला मिळालं ते जुनी पेटी उघडून बसलेल्या कुणाच्याही कामाचं आहे, म्हणून आभार मानायचे ते उघड पत्रातून.

पहिले आभार नोंदीच्या कार्डाबद्दल. आमच्या छापील नमुन्यात ‘नाव’ एवढी एकच ओळ होती. तुम्ही तिच्या पाच केल्यात : माहेरचं नाव, लग्नात बदललेलं नाव, सासरचं पूर्ण नाव, घरात हाक मारायचं नाव आणि कागदावर जसं आहे तसंच्या तसं. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, लग्नपत्रिकेवर दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं. एकाच ओळीत नोंद केली की यादीत एका बाईच्या तीन बायका होतात आणि माहेरच्या नावानं शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. पाचवी ओळ सगळ्यात मोलाची, कारण चुकीचा अंदाज पुढं कधीही दुरुस्त करता येतो, पण कागदावरचं मूळ रूप उतरवलंच नाही तर तपासायचं कशाशी?

नोंद सुटसुटीत व्हावी म्हणून नावाआधीची ‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ आम्ही गाळत होतो. तुम्ही हात धरलात. तारीख नसलेल्या पत्रात ‘सौ.’ असेल तर ते नवरा हयात असतानाचं, ‘गं. भा.’ असेल तर त्यानंतरचं. नवरा कधी गेला ते साल घरात कुणाला तरी ठाऊक असतंच, आणि त्या एका सालावरून पत्रांचे दोन गठ्ठे पडतात. ‘चि. सौ. कां.’ दिसलं की लग्न तोंडावर आलेलं. महसुली कागदात ‘सखू कोम रामजी’ असं येतं. तिथं कोम म्हणजे बायको आणि बिन म्हणजे मुलगा. कोम हे आडनाव समजून यादीत चढवलं की सखूचा नवराही हरवतो आणि सखूही. कागदावर शके असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवायचे, मात्र पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या कागदाला ७९. हा एका वर्षाचा घोळ आमच्या नोंदींत बऱ्याच ठिकाणी निघाला.

हक्कसोडपत्रं बाजूला काढायला लावलीत, हेही बरं झालं. घरचे लोक ते जमिनीचे रुक्ष कागद म्हणून आणतच नाहीत. पण घरातल्या सगळ्या बहिणी, त्यांची सासरची गावं, त्यांच्या सह्या किंवा अंगठे एकाच कागदावर मिळतात ते तिथंच. त्यावरची तारीख हिंदू वारसा कायद्याच्या १९५६ सालाच्या आधीची की नंतरची, आणि महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला त्या १९९४ च्या आधीची की नंतरची, हे कार्डावर लिहायची सवय तुम्ही लावलीत. बहिणीनं काय सोडलं, हे त्याशिवाय कळत नाही.

कागद हाताळण्याबद्दल थोडक्यात, कारण इथल्या चुका भरून येत नाहीत. लॅमिनेशन नको : उष्णतेनं चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा सोडवता येत नाही. सेलोटेप नको : काही वर्षांनी पट्टी गळून पडते आणि तिचा पिवळा डिंक कागदात मुरून राहतो. फोटोमागं बॉलपेननं लिहिलं तर दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो, म्हणून मऊ शिसपेन्सिल, तीही कडेला. पावसाळी दमटपणानं फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. चेहरा काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करायचा. पत्राला ३०० डीपीआय पुरे, फोटोला ६००, आणि पाकीटही स्कॅन करायचं, कारण टपालाच्या शिक्क्यावर गाव आणि तारीख असते.

मोर्च्याच्या, सभेच्या फोटोंत पुढाऱ्यांची नावं मागं लिहिलेली असतात आणि पुढं ‘इतर महिला’. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, त्यात बायका होत्या. नावानं नोंदलेल्या मात्र फार थोड्या. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून नुसत्या चेहऱ्यांच्या रेषा काढायच्या, प्रत्येक चेहऱ्याला आकडा द्यायचा आणि तो कागद वस्तीतल्या वयस्कर बायकांपुढं धरायचा, ही तुमची रीत. ट्रेसिंगच्या रेषा मात्र मूळ फोटोवर न काढता त्याच्या छापील प्रतीवर काढायच्या, हे तुम्ही इतक्यांदा बजावलंत की आता विसरणं शक्य नाही.

पांडवलेणीची सकाळ तर तुमच्याशिवाय झालीच नसती. लेणे क्रमांक ३ च्या ओसरीत, मागच्या भिंतीवर सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातला. बॅटरी समोरून मारली की ब्राह्मी अक्षरं सपाट होऊन दिसेनाशी होतात. ती भिंतीलगत, अगदी तिरपी धरली की सावली खाचेत उतरते आणि अक्षर उठून येतं. खडू घासणं, पाणी किंवा तेल लावणं म्हणजे दगडाचं नुकसान. क्रमांक १० मध्ये विष्णुदत्ता आहे : अग्निवर्म्याची मुलगी, रेभिलाची बायको, विश्ववर्म्याची आई. आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी तिनं नाशिकजवळच्या गोवर्धनच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, कायमची ठेव ठेवली. तुम्ही त्या लेखाचंही कार्ड भरून घेतलंत. माहेर, सासर, मुलगा, शिवाय ‘शकनिका’, म्हणजे शक स्त्री, ही ओळख, आणि या सगळ्यांच्या मध्ये तिचं स्वतःचं नाव. आपल्या किती पत्रिकांवर एवढं सापडतं?

ओव्यांच्या ध्वनिमुद्रणात आमचं चुकतच होतं. जात्याशिवाय म्हणायला सांगितलं की ओळी तुटतात, जात्यावर म्हटलं की घरघर शब्द गिळते. जात्याखाली दुमडलेली गोधडी, खुंटा धरलेल्या हाताच्या विरुद्ध खांद्यावर माइक, पंखा बंद, आणि जातं रिकामं न फिरवता मूठमूठ दाणे टाकत राहायचे. एवढ्यानं शब्द स्वच्छ आले. ओवी संपल्यावर ‘ही कुठली, माहेरची की सासरची?’ हा तुमचा प्रश्न आता कार्डाच्या मागच्या बाजूला छापला आहे.

भरलेल्या कार्डांच्या दोन प्रती आम्ही वेगवेगळ्या घरांत ठेवल्या आहेत. तिसरी तुमच्यासाठी बांधून ठेवली आहे, सुती नाडीनं. रबरबँड लावलेला नाही. लाल पेन्सिल घेऊनच बसा, मोडीतल्या तारखा अजून तपासायच्या राहिल्या आहेत.

तुमचे ऋणी,
परिषदेचा कार्यगट, नाशिक