आचेहच्या काकना, म्हणजे तिकडच्या ताईंना, जाहीर आभारपत्र

प्रिय काक,

दिवाळी अंकातल्या माझ्या आचेहवरच्या लेखाच्या शेवटी तुमच्या आभाराच्या दोन ओळी होत्या. जागा पुरेना म्हणून संपादकांनी त्या उडवल्या. लेखात नावं राहिली ती राष्ट्राध्यक्षांची, मध्यस्थांची आणि सेनापतींची. दुभाषी म्हणून सोबत फिरलात, ज्यांच्यामुळे लेख उभा राहिला, त्या तुम्हीच नेमक्या गळलात. म्हणून हे पत्र. तुमचं नाव मात्र इथेही घालत नाही, तसं तुम्ही बजावूनच ठेवलं होतं.

वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. आचेह म्हणजे सुमात्रा बेटाचं उत्तर टोक, आपल्या ग्रेट निकोबारपासून दोनशे किलोमीटरच्याही आत. १९७६ पासून तिथली ‘स्वतंत्र आचेह चळवळ’, म्हणजे गाम, इंडोनेशियाच्या लष्कराशी लढत होती. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने तिथली दीड लाखाहून जास्त माणसं नेली. पुढच्या आठ महिन्यांत फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी अहतिसारी यांच्या मध्यस्थीने हेलसिंकीत शांतता करार झाला. तारीख १५ ऑगस्ट २००५. (आपण झेंडावंदन करून जिलेबी खाण्यात दंग होतो, त्यामुळे आपल्याला ही तारीख लक्षात राहायला हवी होती, राहिली नाही.) गामने स्वातंत्र्याची मागणी सोडली आणि ८४० शस्त्रं जमा केली. बदल्यात आचेहला तेल-वायूच्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा, स्वतःचे प्रादेशिक पक्ष आणि स्वतःचा कायदा मिळाला.

एवढं मी इथे बसूनही लिहू शकले असते. पुढचं सगळं तुमचं.

पहिल्याच सकाळी तुम्ही मला उली कारेंगच्या कॉफीच्या दुकानात नेऊन बसवलंत. दुकानदार कापडाची लांबलचक गाळणी डोक्याच्याही वर नेऊन कॉफी ओतत होता आणि सगळं दुकान चार बेटांवरून भांडत होतं. गृहमंत्रालयाने ती बेटं शेजारच्या उत्तर सुमात्राच्या नावे लावली होती आणि जून २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्राबोवो यांनी ती आचेहला परत दिली होती. निकाल लागला तरी वाद काही मिटला नव्हता. एक म्हातारे गृहस्थ टेबलावर बोट आपटून सांगत होते, की हद्द १ जुलै १९५६ ची, करारात लिहिलंय! तुम्ही माझ्या कानाशी भाषांतर करत होतात आणि मध्येच शेराही मारत होतात, ‘याला माहीत आहे’, ‘हा ऐकीव बोलतोय’. असा शेरा मारणारा दुभाषा लाखात एक.

निवडणुकांचं तुम्ही गाडीतच उरकलंत, पण काय नेमकं सांगितलंत! इंडोनेशियात पक्ष म्हटला की तो देशभर पसरलेला हवा, एका प्रांतापुरता पक्ष चालत नाही. आचेह याला अपवाद ठरला. डिसेंबर २००६ मध्ये तिथे गामचेच इरवांदी युसुफ अपक्ष म्हणून गव्हर्नर झाले. हे पेशाने पशुवैद्य. त्सुनामी आली तेव्हा तुरुंगात होते आणि त्या गोंधळात निसटले. तेव्हा प्रांताच्या निवडणुकीला अपक्ष उभं राहण्याची मुभा फक्त आचेहला होती. २००७ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती सगळ्या देशाला खुली केली. बंडखोरांना शांत करायला दिलेली सवलत सगळ्या इंडोनेशियाच्या कामी आली, हे माझ्या लेखातलं सर्वांत चांगलं वाक्य मूळचं तुमचं आहे. त्याच्याच पाठोपाठ तुम्ही हेही सांगितलंत, की याच इरवांदींना २०१८ मध्ये जकार्ताकडून आचेहला मिळणाऱ्या विशेष निधीतल्या लाचखोरीवरून अटक झाली आणि पुढे शिक्षाही लागली. गोड तेवढंच सांगून तुम्ही मला परत धाडलं नाहीत.

सगळ्यात मोठं ऋण मात्र त्या दुपारचं. गामच्या स्त्री-सैनिकांना इनोंग बाले म्हणतात, त्यांतल्या एकींच्या घरी आपण गेलो होतो. माझी प्रश्नांची यादी तुम्ही हातात घेतलीत, वाचलीत आणि घडी करून पर्समध्ये टाकलीत. मग तासभर भात, सुपारीचे भाव आणि मुलीचं लग्न. मी चुळबुळत होते. तेवढ्यात बाई आपणहून बोलू लागल्या. करारानुसार पुनर्वसनाची मदत मिळायची होती ती ३,००० सैनिकांना. त्या यादीत इनोंग बालेंना स्थान नव्हतं. रसद पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, बंदूक चालवणाऱ्या या बायकांना मोजायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. प्रत्यक्षात लढणारे ३,००० हून बरेच जास्त होते, त्यामुळे पुरुषांतही वाटणी कमांडरच्या मर्जीवर गेली. गावात परतलेल्यांवर मात्र रीतीप्रमाणे पाणी शिंपडून, तांदूळ टाकून पेउसिजुएक हा विधी झाला. ‘पाणी आमच्यावरही शिंपडलं,’ बाई म्हणाल्या, ‘पैसे नाही आले.’ त्या हसल्या, तुम्हीही हसलात. मला भाषांतर मिळेपर्यंत तुम्हा दोघींचं हसून झालं होतं.

माझी यादी तुम्ही संध्याकाळी परत केलीत. बहुतेक उत्तरं तोवर मिळालेली होती.

पिदी जिल्ह्यातल्या रुमोह गेउदोंग या घरी तुम्ही माझ्यासोबत आलात, हे तर मी मागितलंही नव्हतं. लष्करी कारवाईच्या काळात तिथे लोकांचा छळ होत असे. २०२३ च्या जानेवारीत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी मानवी हक्कांच्या बारा गंभीर प्रकरणांत त्याची कबुली दिली. जूनमध्ये ते स्वतः तिथे आले. ते येणार म्हणून घराचे उरलेसुरले अवशेष आधीच पाडून टाकले होते. यावर मी काही बोलावं अशी तुमची अपेक्षा नव्हती आणि तुम्हीही बोलला नाहीत. नुसतं सोबत उभं राहणं किती मोठी मदत असते, हे तिथे जाऊन आलेल्यालाच कळेल.

विशेष निधीची मुदत २०२७ ला संपते. जकार्ता तो वाढवेल का, वाढवला तरी तो गावापर्यंत पोचेल का, यावर तुमचं मत लेखात घ्यायचं राहून गेलं, कारण ते छापण्याजोग्या शब्दांत नव्हतं! तेव्हा २०२७ ला मी पुन्हा यायचं म्हणते. प्रश्न या खेपेला तुम्हीच ठरवा. मी वही घेऊन शेजारी बसेन. आणि जमलं तर त्या बाईंकडे आधी जाऊ, मंत्रालयात नंतर.

तुमची,
पुण्याची धाकटी बहीण